वाचक विचारतात : खाडी ओलांडून आलेली मंडळी

मागच्या अंकात ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रार्थनास्थळांवर लेख होता. त्यात मेथॉडिस्ट चर्चचा उल्लेख एका ओळीत आटोपला होता. त्या ओळीवर बरीच पत्रं आली आणि संपादकांनी ती सगळी माझ्याकडे पाठवून दिली. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीच्या (एका चर्चच्या सभासदांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो) नोंदवह्या मी सांभाळते, एवढीच माझी पात्रता. मंडळीचं नाव मुद्दाम गाळलं आहे. एकाच चर्चची जाहिरात नको, आणि खाडीच्या अलीकडच्या बहुतेक मेथॉडिस्ट मंडळ्यांची हकिगत थोड्याफार फरकाने अशीच आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीसमोर मेथॉडिस्ट चर्च आहे. रविवारी साड्या नेसलेल्या बायका, पेटी-तबला, मराठी गाणी. आत मूर्ती मात्र दिसत नाही. हे कॅथलिकच का, की आणखी कोणी? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : कॅथलिक नव्हे, प्रोटेस्टंट. प्रोटेस्टंटांमध्येही जी शाखा जॉन वेस्लीपासून (१७०३–१७९१) सुरू झाली, ती आमची. वेस्ली हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा धर्मगुरू. मरेपर्यंत तो त्याच चर्चचा राहिला, वेगळा पंथ काढायचं त्याच्या मनात नव्हतं. पण चर्चची पायरी न चढणाऱ्या खाणमजुरांपुढे तो १७३९मध्ये ब्रिस्टलजवळ उघड्या माळावर उपदेश करू लागला, आणि जमलेल्या लोकांना एकत्र कसं ठेवायचं हा प्रश्न आला.

त्याचं उत्तर निघालं ते कर्जापायी. ब्रिस्टलमध्ये बांधलेल्या सभागृहाचं देणं डोक्यावर होतं. १७४२मध्ये त्यावर बैठक बसली. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना तेही जमणार नाही. तेव्हा पहिला म्हणाला, सगळ्यात गरीब अशी अकरा माणसं माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरेन. बाकीच्यांनीही तसंच अंगावर घेतलं. झालं असं, की पेनीसाठी दारात गेलेल्या माणसाला घरातलं आजारपण दिसू लागलं, दारू दिसू लागली, नवरा-बायकोची भांडणं कानावर येऊ लागली. वसुलीसाठी पाडलेले गट विचारपूस करणारे गट झाले. याला क्लास मीटिंग म्हणतात. हे जरा लक्षात असू द्या, वाशीच्या पत्राला उत्तर देताना ते लागणार आहे.

बाकी तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आमच्याकडे क्रूस असतो, मूर्ती नसते. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीच्या विधीला, लोक पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकतात. पेल्यात मद्य नसतं, द्राक्षांचा साधा रस असतो. आमच्या मंडळीत महिला मंडळातल्या बायका काळी द्राक्षं उकळून, गाळून तो घरीच करतात, आणि ज्या महिन्यात द्राक्षं महाग असतात त्या महिन्यात पेले जरा कमी भरतात. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, कोण असावेत हे मंडळी ठरवत नाही. वार्षिक कॉन्फरन्स भरते, बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि काही वर्षांनी पाळकांचं सामान टेम्पोत चढतं. सरकारी नोकरीतल्या बदलीसारखंच, फक्त पगार तेवढा नाही.

प्रश्न : ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं कॅथलिक चर्च आणि सेंट जेम्स ही दोन्ही आम्ही लहानपणापासून पाहतो. मेथॉडिस्ट त्यांच्यातूनच फुटून निघाले का? मुंबईकडे ते आले तरी केव्हा? (एक वाचक, चरई, ठाणे)

उत्तर : त्यांच्यातून नाही. ठाण्यातली ख्रिस्ती आठवण फार जुनी आहे. १३२१मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्याची नोंद युरोपातल्या कागदपत्रांत आहे. पुढे पोर्तुगीज आले, त्यांच्या काळातला वारसा म्हणजे तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. सेंट जेम्स इंग्रजी अमलातलं. कलकत्त्याचे बिशप हीबर १८२५मध्ये पश्चिमेकडे आले होते, तेव्हा त्यांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचं होतं, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये आहे.

मेथॉडिस्ट आले ते अमेरिकेतून, आणि आधी मुंबईत नव्हे. विल्यम बटलर १८५६मध्ये बरेलीला पोचले. सहा महिने होतात न होतात तोच सत्तावन्नचा उठाव झाला आणि त्यांना नैनितालला पळावं लागलं. पुढची पंधरा वर्षं त्यांचं काम उत्तरेतच वाढलं. मुंबईला १८७१च्या नोव्हेंबरात आले ते विल्यम टेलर. सॅन फ्रान्सिस्कोत सोनं शोधणाऱ्यांचा लोंढा आला त्या काळात रस्त्यावर उभं राहून उपदेश करणारा हा माणूस. उंच, दाढीवाला, आवाज मोठा. त्यांनी मुंबईत मोठी इमारत शोधली नाही, लोकांच्या दिवाणखान्यांत गट जमवले. १८७२मध्ये त्या लोकांनीच मागणी केली, आमची मेथॉडिस्ट मंडळी स्थापन करा. टेलरांनी मान्य केलं, पण अट घातली की अमेरिकेतल्या मिशन बोर्डाचा पैसा येणार नाही. तुमची मंडळी, तुमचा खर्च.

हे लोक कोण होते? बरेचसे इंग्रजी बोलणारे, अँग्लो-इंडियन. रेल्वेतले, सरकारी कचेऱ्यांतले. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३मध्ये सुरू झाली होती, आणि वीस वर्षांत भायखळा-परळ भाग ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांच्या वस्तीने भरला होता. त्यामुळे मेथॉडिस्ट मंडळ्या रुळांच्या कडेने वाढल्या असं मी म्हणते, आणि माझे सासरे आयुष्यभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते म्हणून म्हणते असा आरोप घरचे करतात.

टेलरांना येऊन मिळालेल्यांत एक नाव विसरू नये असं आहे, जॉर्ज बोवेन. हे १८४८पासून मुंबईत होते. मिशनने दिलेला पगार त्यांनी नाकारला, गरीब वस्तीत खोली घेतली, रस्त्यावर उभं राहून मराठीत बोलत राहिले आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवलं. १८८८मध्ये इथेच वारले. अमेरिकेला एकदाही परत गेले नाहीत. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचं, भायखळ्याकडचं टेलर मेमोरियल टेलरांचं.

मराठीतलं काम त्यानंतर हळूहळू उभं राहिलं. मराठी पायवाट मेथॉडिस्टांनी पाडलेली नाही, ती आधीच्या अमेरिकन मराठी मिशनने पाडली. ते लोक १८१३मध्येच मुंबईत आले आणि १८३१पासून नगरला. बेळगावचं काम तर लंडन मिशनने १८२०मध्ये सुरू केलेलं, १९०४मध्ये ते मेथॉडिस्टांच्या हाती आलं. बेळगावकडून मुंबईला आलेली मेथॉडिस्ट कुटुंबं आजही आहेत. मराठी आणि कन्नड दोन्ही अस्खलित बोलतात आणि दोन्हींत भांडतात.

प्रश्न : मी १९८४पासून वाशीत आहे. तेव्हा मेथॉडिस्ट नावालाही दिसत नव्हते. आता त्यांची इमारत आहे, नाताळात रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. एवढे लोक आले कुठून? स्पष्टच विचारतो, धर्मांतरं झाली का? (एक निवृत्त बँक कर्मचारी, वाशी)

उत्तर : स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. मनात हाच प्रश्न ठेवून नाताळचा फराळ दारातूनच परत पाठवणारे शेजारी मी पाहिले आहेत.

उत्तर वहीत आहे. आमची सभासदांची नोंदवही लांबट आहे, हिरव्या कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर रकाने : अनुक्रमांक, नाव, जन्म, बाप्तिस्मा कुठे व केव्हा, मंडळीत कसे आले, कुठून आले, कुठे गेले, शेरा. यातला ‘कसे आले’ हा रकाना वाचत जा. पहिल्या पानांवर वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिलेला आहे, ‘पत्राने’. कुणीतरी तर खाली नुसती दोन टिंबं काढत नेली आहेत, कारण तेच तेच लिहून हात दुखला असणार.

पत्र म्हणजे बदलीचं पत्र. मेथॉडिस्ट माणूस गाव बदलतो तेव्हा जुन्या मंडळीचे पाळक नव्या मंडळीच्या पाळकांना लिहून देतात, की अमुक कुटुंब आमचं पूर्ण सभासद होतं, आता तुमच्याकडे पाठवत आहोत. ही पत्रं मी एका फायलीत लावून ठेवली आहेत. भायखळा, परळ, कुर्ला. मग बेळगाव, पुणे. मग नडियाद आणि बडोद्याकडची, गुजरातीत लिहिलेली. मग बीदर. १८९९-१९००चा मोठा दुष्काळ गुजरातेत पडला त्याच्या आसपास खेडा जिल्ह्यात हजारो लोक मेथॉडिस्ट झाले होते. त्यांची पोरं मुंबईच्या गिरण्यांत आणि महापालिकेत नोकरीला लागली, आणि त्यांची नातवंडं वाशीत घर घेऊन आली. तेव्हा धर्मांतर झालं का, तर झालं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात, त्यांच्या पणजोबांचं. वाशीत झाली ती घरांची बदली.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांना ती ठाऊक नसते. १९३५मध्ये डॉ. आंबेडकरांनी येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली, तेव्हा मुंबईचे मेथॉडिस्ट बिशप बॅडले यांनी त्या घोषणेचं जाहीर स्वागत केलं होतं. सगळ्याच धर्मांचे लोक तेव्हा बाबासाहेबांच्या दाराशी होते. बाबासाहेबांनी स्वतःचा विचार केला आणि १९५६मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. माणसं धर्माबाबत स्वतः विचार करू शकतात, एवढं गृहीत धरलं तर ‘कुणी किती बाटवले’ हा हिशेब करायची गरज राहत नाही. असो.

आता खाडीच्या अलीकडे मंडळी उभी कशी राहिली ते. सिडकोची स्थापना १९७०ची, खाडीवरचा पूल १९७३चा. पण लोकल वाशीला आली ती १९९२मध्ये. मधली वर्षं सगळा भरवसा बसवर. आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा रविवारी भायखळ्याला उपासनेला जायचं म्हणजे पोरांना अंघोळी घालून, डबे भरून सकाळीच निघायचं, आणि पुलावर गाडी अडकली की दुसऱ्या गीताला पोचायचं. पावसाळ्यात तेही नाही. मग आमच्यातल्याच एका वयस्कर बाईंनी ठरवलं की बुधवारी संध्याकाळी घरात प्रार्थना ठेवायची. आम्ही याला कॉटेज मीटिंग म्हणतो. सिडकोच्या दोन खोल्यांच्या घरात दिवाण भिंतीला लावायचा, सतरंजी अंथरायची, चपला जिन्यावर वरच्या मजल्यापर्यंत. पेटी एकाच कुटुंबाकडे होती. ती स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभी ठेवून, दोन्ही गुडघ्यांत धरून आणली जाई. भाता फाटला होता, त्यावर चिकटपट्टी. शेवटी चहा आणि खारी. त्याच वेळी ताटलीत पाकिटं फिरायची, आणि ज्या घरात नोकरी सुटलेली असेल त्या घराचं पाकीट दुसरंच कुणी भरायचं. कुणी भरलं ते वहीत लिहायचं नाही असा नियम होता, आणि तो मी आजही पाळते. आता वर ब्रिस्टलची जी गोष्ट सांगितली ती पुन्हा वाचा. आमच्यातल्या फारच थोड्यांना तेव्हा ती ठाऊक होती. तरी तेच झालं.

घर पुरेना तेव्हा एका शाळेतला वर्ग रविवारपुरता भाड्याने घेतला. मोठी माणसं तिसरीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला. फळ्यावरची गणितं पुसायची नाहीत अशी मुख्याध्यापकांची ताकीद, त्यामुळे उपदेशामागे लघुत्तम साधारण विभाज्य. लाकडी क्रूस पिशवीतून यायचा आणि परत जायचा. एका वर्षी नाताळ तोंडावर आला असताना शाळेने वर्ग नाकारला. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारत बसलो नाही. सोसायटीच्या गच्चीवर मांडव घातला. सोसायटीचे सेक्रेटरी ब्राह्मण, त्यांनी स्वतः उभं राहून दिव्यांची वायर ओढून दिली, आणि पाच रुपये वीजबिलाचे घ्यायचे की नाही यावर पाळकांशी त्यांचा प्रेमळ वाद झाला.

पुढे जागा मिळाली. सिडको नोंदणीकृत संस्थांना धार्मिक वापराचे भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. ते सगळ्याच धर्मांच्या संस्थांना, आम्हालाच काही खास नाही. पट्ट्याची रक्कम, मग नकाशे, मग पायलिंग, कारण खाली खाडीचा गाळ. मुदतीत बांधकाम करावं लागतं. महिला मंडळाने गोडा मसाला, लोणचं, नाताळात करंज्या आणि केक विकून किती जमवलं याची वेगळी वही आहे आणि ती त्या बायका माझ्याकडेही देत नाहीत. मालमत्ता, विचाराल तर, स्थानिक मंडळीच्या नावावर नसते. मेथॉडिस्ट पद्धतीत ती मध्यवर्ती ट्रस्टकडे असते. पैसे आम्ही जमवायचे आणि कागद वर, यावर आमच्या वार्षिक सभेत दरवेळी एकजण तरी उठतोच. मला विचाराल तर ही सोय बरी आहे. स्थानिक भांडणात चर्च विकलं जाण्याची भीती निदान कमी होते.

वाढ झाली का? गाड्यांची रांग पाहून तुम्ही म्हणता तशी झाली. माझं मत वेगळं आहे. इमारत झाल्यावर बुधवारची घरं रोडावली. एसी लागला, साउंड सिस्टीम आली, आणि कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे आता व्हॉट्सॲपवर कळतं, तेही दोन दिवसांनी. वहीत शेऱ्याचा रकाना आता जास्त भरतो : ‘खारघरला गेले’, ‘पनवेल’, ‘बदलापूर’. वाशी-नेरूळला घर परवडत नाही म्हणून तरुण जोडपी लांब जातात. चांगली बातमी म्हणाल तर ती हीच, की त्यातल्या काही घरांत सतरंज्या पुन्हा अंथरल्या गेल्या आहेत.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी वाचताना कळलं की १९७०मध्ये नागपूरला उत्तर भारतातली प्रोटेस्टंट चर्चेस एक झाली, आणि त्या यादीत मेथॉडिस्टही आहेत. मग तुमचं चर्च वेगळं कसं? (विद्यार्थिनी, कोपरखैरणे)

उत्तर : यादीही बरोबर आहे आणि आम्ही वेगळे आहोत हेही बरोबर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात सामील झाले ते ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट. अमेरिकन परंपरेचं मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया वर्षानुवर्षं वाटाघाटींत होतं, पण त्याच वर्षी ऐन वेळी बाजूला झालं. पुढे जानेवारी १९८१मध्ये ते मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झालं. प्रकल्पात ‘ब्रिटिश’ आणि ‘अमेरिकन’ हे दोन शब्द घाल, परीक्षक खूश होतील.

माझं माहेर नगरचं. तिथल्या मंडळ्या १९२४मध्येच संयुक्त चर्चमध्ये गेल्या होत्या, १९७०मध्ये त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. सासर मेथॉडिस्ट. लग्नात दोन्हीकडचे पाळक होते आणि गीतं कुठली घ्यायची यावर मतभेद झाला नाही, कारण गीतपुस्तक दोघांचं एकच.

प्रश्न : मेथॉडिस्ट उपासना मराठीत किती दिवस टिकेल? आमच्या ओळखीची मुलं इंग्रजी सभेला जातात. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : तुमच्या प्रश्नातली काळजी आमच्या कमिटीतही आहे. मुंबईत मेथॉडिस्ट मंडळ्या पहिल्यापासून भाषेप्रमाणे वेगळ्या : मराठी, गुजराती, हिंदी, कन्नड, इंग्रजी. नवी मुंबईत एकेका भाषेची माणसं थोडी, म्हणून सगळे एका छपराखाली आले. कुठली भाषा किती वाजता यावरून जेवढे वाद झाले तेवढे धर्मशास्त्रावरून झालेले मला आठवत नाहीत. शेवटी सकाळी मराठी, नंतर हिंदी आणि संध्याकाळी इंग्रजी असं ठरलं. संध्याकाळी मुलं गिटार आणतात.

मराठी उपासनेचं बळ तिच्या गीतांत आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) मेथॉडिस्ट नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते, पण त्यांची पदं-अभंग नसते तर आम्ही आजही भाषांतरित इंग्रजी चाली ओढत बसलो असतो. वारकऱ्यांच्या घरातला माणूस आमच्या उपासनेत सहज टाळ धरू शकतो, तो टिळकांमुळे. इंग्रजी सभेतल्या पोरांनाही आजीच्या अंत्यविधीला मात्र मराठी गीतच हवं असतं. तेव्हा त्यांना शब्द येत नाहीत आणि सगळे माझ्याकडे पुस्तक मागतात. पुस्तकं कपाटात आहेत, रविवारी येऊन शिका असं मी त्यांना तोंडावर सांगते.

मराठी ऐकायची तर कापणीच्या सणाला या. शेत कुणाचंच नाही, तरी लोक भोपळे, नारळ, कोंबडी, अंडी, घरचा केक आणतात, सगळं वेदीपुढे मांडलं जातं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. लिलाव करणारे आमचे काका माथाडी कामगार होते, तुर्भ्याच्या मार्केटमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. ‘दुधी बघा, दुधी! वाशी मार्केटात नाही, पनवेलात नाही!’ असा त्यांचा आवाज चढला की चाळीस रुपयांचा दुधी पाचशेला जातो, आणि घेणारा तो पुन्हा दान करतो, म्हणून परत लिलाव. एकाच दुधीने एकदा पंख्यांचं बिल भागवलं आहे. इंग्रजी सभेची मुलं यासाठी थांबतात, आणि बोलीही मराठीतच लावतात.

प्रश्न : आजोबांचा बाप्तिस्मा भायखळ्याच्या बाजूला मेथॉडिस्ट चर्चमध्ये झाला होता असं घरी सांगतात. बहिणीच्या लग्नासाठी चर्चने जुनी नोंद मागितली आहे. कुठे विचारायचं? (एक वाचक, कळवा)

उत्तर : आधी घरातलं जुनं बायबल उघडा. पहिल्या किंवा मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न लिहून ठेवायची पद्धत होती. तिथे चर्चचं किंवा पाळकांचं नाव मिळालं तर अर्धं काम झालं. नसेल तर आजोबा कुठल्या भाषेच्या मंडळीत होते ते वडीलधाऱ्यांना विचारा, कारण एकाच इमारतीत दोन-तीन भाषांच्या मंडळ्या असत आणि प्रत्येकीची वही वेगळी.

मग त्या मंडळीच्या पाळकांना लेखी अर्ज द्या. अर्जात आजोबांचं बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव, त्यांच्या आई-वडिलांची नावं आणि अंदाजे साल लिहा. ‘१९३० ते १९३५’ असं लिहिलंत तरी चालतं, पण सालच नसेल तर कुणी वह्या चाळत बसणार नाही. आडनावं बदललेली असू शकतात. गावाच्या नावावरून आडनाव घेतलेलं, वडिलांचं पहिलं नाव आडनाव म्हणून लावलेलं, किंवा मिशनऱ्याने इंग्रजी स्पेलिंगचा घोळ केलेला, असं मी आमच्या फायलीतल्या पत्रांतही पाहते. मंडळी बंद झालेली असेल किंवा दुसरीत मिळाली असेल तर त्या भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटना विचारा, वह्या कुठे गेल्या ते त्यांना माहीत असतं. मेथॉडिस्ट चर्चचं मुख्य कार्यालय मुंबई सेंट्रलजवळ वायएमसीए रोडवर आहे, पण तिथे थेट जाण्याआधी मंडळीत विचारलेलं बरं.

आणि लग्नाचं चर्च कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्रोटेस्टंट असेल तर बहुधा आजोबांची नाही, बहिणीचीच नोंद लागते. तिचा बाप्तिस्मा, दृढीकरण (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याचा विधी) आणि सध्याच्या मंडळीचं पत्र. आधी तिथल्या पाळकांना नेमकं काय हवं ते लिहून द्यायला सांगा. वही घरी न्यायला कुणी देणार नाही, फोटो काढू देतील की नाही ते पाळकांवर. रविवारी उपासनेनंतर गाठू नका, त्या वेळी त्यांच्याभोवती पन्नास माणसं असतात. फोन करून आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी जा.